ड्रॅग रेसच्या गाडीला मागचा गिअर किती घालावा?

रेशो जितका मोठा तितकी गाडी जोरात, हा समज काढून टाका. ४०२ मीटरच्या शर्यतीसाठी हिशेब फिनिश लाइनपासून उलटा करायचा. रेषा ओलांडताना इंजिन कमाल ताकदीच्या आरपीएमच्या जरासं पुढे हवं.

अमेरिकन रेसर्सचं सूत्र: ताशी मैल गुणिले रेशो गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचांत. टायर २८ इंची, वेग १२० मैल, गिअर ४.११, तर सुमारे ५,९००. ४.५६ घातला की साडेसहा हजारांच्या वर! इंजिनचा दम सहा हजारांतच संपत असेल, तर सुरुवातीला कमावलेलं शेवटी गमावलंत. ऑटोमॅटिकमध्ये कन्व्हर्टर थोडा घसरतो, त्यामुळे प्रत्यक्ष आरपीएम आणखी चढतो.

१९५७ साली आलेला फोर्डचा नाइन-इंच अॅक्सल मला यासाठी सर्वांत आवडतो. गिअरचा अख्खा संच पुढून निघतो, टेबलावर निवांत बसवता येतो.

बसवताना घाई नको. क्राउन-पिनियनमधला प्ले डायल गेजने मोजा. साधारण ८ ते १२ हजारांश इंच. मग दातांना मार्किंग कंपाउंड लावून फिरवा आणि ठसा बघा. ठसा क्राउनच्या दातांच्या मुळाशी उतरला, तर पिनियन जास्त आत गेलंय. बहुतेक अॅक्सलमध्ये अशा वेळी शिम पातळ करतात. नाइन-इंचमध्ये मात्र शिम जाड टाकायची. इथे भलेभले मेकॅनिक चुकतात.