गल्ल्यावर वय कोण विचारतो?

अठरा पूर्ण झाली की दारू विकत घेता येते, ही समजूत महाराष्ट्रात इतकी घट्ट बसली आहे की ती चुकीची असल्याचे गल्ल्याच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्हीकडे अनेकांना ठाऊक नसते. मतदान अठराव्या वर्षी, वाहन चालवण्याचा परवाना अठराव्या वर्षी, मग दारूही तेव्हाच, असा हा सरळ हिशेब. पण मद्य हा घटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यांचा विषय आहे आणि प्रत्येक राज्याने आपापले वय ठरवले आहे. केरळात ते २३ आहे, दिल्लीत २५. महाराष्ट्रात सौम्य बिअरला २१ आणि व्हिस्की-रमसारख्या कडक मद्याला २५. शिवाय नुसते वय भरून भागत नाही. १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार पिणाऱ्याकडे स्वतःचा परवाना लागतो. ‘परमिट रूम’ या पाटीतले परमिट गिऱ्हाइकाचे असते, हे ती पाटी रोज वाचणाऱ्यांच्याही सहसा लक्षात येत नाही. विदेशी मद्यासाठी एका दिवसाचे परमिट पाच रुपयांना मिळत आले आहे. ते देताना नाव आणि वय विचारायचे, म्हणजे वयाची तपासणी खरे तर व्यवहारातच गुंफलेली होती. हा कागद ना गिऱ्हाईक मागते, ना दुकानदार पुढे करतो, आणि त्याबरोबर तो प्रश्नही गळून पडला.

दुसरा गैरसमज शिक्षेबद्दलचा. पकडले तरी चार पैसे दंड भरून सुटतात, असे सर्रास बोलले जाते. १८ वर्षांखालील मुलांपुरते तरी हे खरे नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७नुसार डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय मुलाला मद्य देणाऱ्याला किंवा द्यायला लावणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम फक्त दुकानदारासाठी नाही. पुतण्याच्या हातात ग्लास देणारा काका आणि धाकट्या मित्राला बाटली आणून देणारा थोरला मित्रही त्याच्या कक्षेत येतात. पुढचे कलम ७८ मुलांकरवी दारू विकून घेणे, वाहून नेणे, पुरवणे यासाठी आहे आणि शिक्षा तेवढीच. कोपऱ्यावरून क्वार्टर आणायला पोराला पिटाळणाऱ्या बापाने ते एकदा वाचावे. ही कलमे बहुतेकांच्या कानावर आली ती १९ मे २०२४ नंतर. त्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती असलेल्या पोर्श गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला आणि त्याला मद्य दिल्याच्या आरोपावरून बारचालकांवर गुन्हा नोंदला गेला. कायदा त्याआधी आठ वर्षांहून अधिक काळ अमलात होता.

मग उणीव कशाची? अशा घटनेनंतर ठरलेले दृश्य दिसते: छापे, टाळे, परवान्यांचे निलंबन, वर्तमानपत्रांत छायाचित्रे. धडाक्याची कारवाई झाली की दुकानदारांना जरब बसते, हा तिसरा गैरसमज आणि माझ्या मते सर्वांत महागडा. अमेरिकेत हे मोजून पाहिले गेले आहे. १९८४च्या केंद्रीय कायद्याने २१ हे वय न स्वीकारणाऱ्या राज्यांचा महामार्ग निधी कापण्याची तरतूद केली आणि १९८८पर्यंत सगळ्या राज्यांनी ते मान्य केले. तरीही दुकाने विकत राहिली, म्हणून पुढे तपासणीचाच अभ्यास सुरू झाला. तिथल्या मध्य-पश्चिम भागातल्या वीस शहरांमध्ये केलेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की तपासणीनंतर लगेच कोवळ्या चेहऱ्यांना विक्री होण्याची शक्यता १७ टक्क्यांनी घटते. पण बाटली घरी नेण्याच्या दुकानांत हा परिणाम तीन महिन्यांत पूर्ण विरतो, तर बसून पिण्याच्या ठिकाणी जेमतेम निम्मा उरतो. जरब बसली तीही मुख्यतः ज्याची तपासणी झाली त्या दुकानाला. शेजारच्यावर फारसा परिणाम नाही. दुकानदारांच्या प्रशिक्षणाचा उपयोग तर नगण्यच निघाला. अर्थात ती शहरे वेगळी, तिथला बाजार वेगळा, आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण वर्षातून एकदा वाजणाऱ्या ढोलापेक्षा दर दोन-तीन महिन्यांनी, न सांगता, बनावट गिऱ्हाईक पाठवून होणारी साधी तपासणी जास्त काम करते, हे समजायला पुण्याला वीस शहरांची गरज नसावी.

यावर पहिला आक्षेप असा येतो की गिऱ्हाईक बनून माणूस पाठवणे म्हणजे दुकानदाराला जाळ्यात ओढणे. पण लाचलुचपत प्रतिबंधक विभाग रोज सापळे लावतो आणि गर्भलिंग तपासणारी केंद्रे पकडण्यासाठी याच राज्यात गरोदर स्त्रिया डेकॉय म्हणून गेल्या आहेत. बनावट गिऱ्हाइकाने आग्रह करायचा नाही, खोटे वय सांगायचे नाही, फक्त बाटली मागायची. बाकीचे दुकानदार स्वतः ठरवतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मुलांना असे वापरणे योग्य नाही. खरेच नाही, आणि कलम ७८ पाहता धोक्याचेही. पण त्या अमेरिकी अभ्यासातले खरेदीदारही २१ ओलांडलेले, फक्त वयाने लहान दिसणारे आणि ओळखपत्र न बाळगणारे होते. महाराष्ट्रात तर कडक मद्याची मर्यादा २५ असल्याने २० वर्षांचा सज्ञान स्वयंसेवक पाठवला तरी पुरे. ज्याला त्याचे वय विचारावेसे वाटत नाही, तो सतराच्या पोराला काय विचारणार? ‘मोठा वाटला’ ही सबब ब्रिटनमध्येही चालायची. तिथे मर्यादा १८ची, पण पंचविशीच्या आतला वाटला की ओळखपत्र मागायचे, हा दंडक बड्या दुकानांनी स्वतःला घालून घेतला. संशयाचे ओझे काउंटरवरच्या पोऱ्याच्या नजरेवर राहिले नाही.

२५ ही मर्यादाच अवास्तव आहे, म्हणून कोणी ती पाळत नाही, असेही म्हटले जाते. यात तथ्य आहे असे मला वाटते. तेविशीतल्या नोकरदाराला नाही म्हणण्याची सवय दुकानाला नसते, मग सोळा वर्षांच्या मुलापाशी थांबण्याची सवय कुठून येणार? ती मर्यादा खाली आणायची की नाही, हा वाद विधिमंडळात व्हावा. तपासणीला मात्र त्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. खरी अडचण आणखी एका ठिकाणी आहे. विक्रीवर लक्ष ठेवायचे राज्य उत्पादन शुल्क विभागाने आणि वर्षाला वीस हजार कोटींहून जास्त महसूलही त्यानेच गोळा करायचा. एका हाताने गल्ला मोजणाऱ्याने दुसऱ्या हाताने तो अडवावा, ही अपेक्षा जरा जास्तच. म्हणून किती दुकाने तपासली, कितींनी वय विचारले, हे वॉर्डनिहाय दर तिमाहीला जाहीर झाले पाहिजे. महाराष्ट्रात मतदानाने ‘आडवी बाटली’ करून दारूचे दुकान बंद पाडता येते, आणि गावोगावच्या बायकांनी ते करून दाखवले आहे. दुकान हवे की नको, एवढेच त्या मतपत्रिकेवर विचारले जाते. त्या दुकानात मागच्या तिमाहीत किती पोरांना बाटली मिळाली, हे सांगणारा कागद मतदानाला निघालेल्या बाईच्या हातात नसतो.