पुराण मागणारा श्रोता



धर्मोपदेशक म्हटला की बोलणारा मनुष्य आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. आज ज्या ग्रंथाविषयी बोलावयाचे आहे त्याच्या आरंभीचा प्रसंग थोडा निराळा आहे. गोमंतकातील साष्टी प्रांतात, रायतूरच्या कोटात, एक पाद्री मुलांना ख्रिस्ती धर्माचे पाठ देत आहे. तेवढ्यात नव्यानेच त्या धर्मात आलेला एक ब्राह्मण पुढे होऊन विनवितो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत. मग वेळ घालवावयास आणि मनाला आधार वाटावयास तुमच्या धर्माचे एखादे पुराण आम्हांस का देत नाही? त्या गृहस्थाचे नाव आपल्याला ठाऊक नाही. पण ‘क्रिस्तपुराण’ हा जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ ह्या मागणीचे उत्तर म्हणून लिहिला गेला, असे ग्रंथच सांगतो.

उत्तर देणारे फादर टॉमस स्टीफन्स हे जातीने इंग्रज, पंथाने जेझुइट. १५७९ च्या ऑक्टोबरात ते गोव्यास उतरले, ते १६१९ मध्ये तेथेच वारले. ग्रंथ छापला गेला १६१६ साली. म्हणजे लेखणीतून पुराण बाहेर पडून छापखान्यात जावयास सदतीस वर्षे लागली. हा काळ कशात गेला असेल? माझे उत्तर असे की, तो मुख्यतः ऐकण्यात गेला. १५८३ साली त्यांनी भावाला लिहिलेल्या पत्रात इकडच्या भाषांचा उल्लेख आहे. ह्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशी जुळते, हे त्यांनी तेव्हाच नोंदविले. युरोपातील पंडितांना हे नाते पटावयास पुढे दोनशे वर्षे जावी लागली. आणि हे पत्र कोणत्या दिवसांतले? त्याच वर्षी कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले होते, आणि त्यांचे देह आणावयास स्टीफन्सच गेले होते. अशा दिवसांतही ज्याचे लक्ष लोकांच्या क्रियापदांकडे राहिले, त्याचा कान काही निराळाच म्हटला पाहिजे.

ऐकण्याची साधने कोणती होती, ह्याचाही थोडा माग लागतो. पोर्तुगालमधील ब्रागा शहराच्या ग्रंथालयात रामायण-महाभारतातील कथांची कोंकणी व मराठी हस्तलिखिते आहेत, आणि ती आहेत रोमन लिपीत! साष्टीतल्या मिशनऱ्यांना भाषा शिकता यावी म्हणून ती उतरून घेतली असावीत, असे अभ्यासकांना वाटते.

ह्या श्रवणाचे फळ छंदात दिसते. स्टीफन्सनी ओवी निवडली. जात्यावर बसणाऱ्या बाईपासून पुराणिकबुवांपर्यंत सर्वांच्या ओठी असलेला हा छंद. पहिल्या तीन चरणांचे यमक जुळले आणि चौथा आखूड चरण विसावला की ऐकणाराची मान आपोआप हलते. ग्रंथाचा आरंभ मंगलाचरणाने होतो, अध्यायांना ‘अवस्वरु’ असे नाव आहे, आणि श्रोते मधूनमधून शंका विचारतात. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या आपल्यापैकी पुष्कळांना शाळेपासून पाठ असतील, म्हणून त्या येथे म्हणत नाही. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते प्रस्तावनेतील एक साधे विधान. शुद्ध मराठी मध्यम लोकांस कळत नाही, म्हणून तीत इकडच्या बोलीचे सोपे शब्द मिसळले आहेत, असे ते म्हणतात. प्रौढ भाषेचा मान राखावयाचा आणि समोरच्या माणसाचा कानही सांभाळावयाचा, ही दुहेरी कसरत आहे.

शब्दांच्या निवडीतही त्यांनी सरसकट एकच नियम लावला नाही. स्वर्गाला त्यांनी निःशंकपणे ‘वैकुंठ’ म्हटले. परंतु पवित्र आत्म्याला ‘स्पिरितु सांतु’ आणि स्नानसंस्काराला ‘बाउतिज्मु’ हे परकेच शब्द ठेवले. जेथे आपला शब्द जुना अर्थ ओढून आणील अशी भीती वाटली तेथे त्यांनी हात आखडता घेतला असावा. ‘वैकुंठ’ शब्दाबरोबर काहीच ओढले गेले नाही, असे मात्र मला म्हणवत नाही.

आता कौतुकाच्या भरात एक गोष्ट विसरता कामा नये. त्या ब्राह्मणाला पुराण मागावे लागले, कारण त्याचे पुराण आधीच हिरावून घेतले होते. ज्या रायतूर कोटात हा संवाद घडला त्याच कोटाच्या कप्तानाने १५६७ साली साष्टीतील देवळे पाडविली होती. मंगेश कुशस्थळी सोडून प्रियोळास गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली. गोव्यात इन्क्विझिशन १५६० पासून होते. सत्तेच्या ह्या सावलीत झालेले श्रवण निर्मळ होते काय? स्टीफन्सच्या मनाविषयी मला शंका नाही; पण ज्याला नकार देण्याची मोकळीक नाही त्याचे बोलणे पुरतेपणी ऐकू येत नसते. आणि राज्यकर्त्यांना तर तेवढेही ऐकणे मानवले नाही. १६८४ साली हुकूम निघाला की, लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावे. तोवर क्रिस्तपुराणाच्या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या. त्यांपैकी एकही प्रत आज हाती लागत नाही. हस्तलिखितांनी ग्रंथ तगविला, आणि त्यांवरून १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ सालढाणा ह्यांनी तो पुन्हा छापला.

सत्तेचा धाक नसताना हाच प्रश्न कसा सुटतो, हे पाहावयाचे असेल तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे वळावे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने, घरादाराचा वियोग पत्करून. त्यांना परक्याची संस्कृती ऐकावयाची नव्हती. स्वतःचीच विसरावयाची नव्हती. त्या वेळी मराठी देवळांत इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवून गाणी म्हणत. इंग्रजी चाल शब्दाच्या आघातावर चालते, मराठी पद्य ऱ्हस्वदीर्घावर. त्यामुळे ऱ्हस्व अक्षर ताणले जाई, दीर्घ तुटे आणि अर्थ बिचारा मध्येच लोंबकळत राही. टिळकांनी अभंग लिहिले, ख्रिस्ती कीर्तन उभे केले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताजवळ पोहोचलो, असे ते सांगत. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. १९१९ मध्ये ते वारल्यावर लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले.

टिळकांची पदे ‘उपासना संगीत’ ह्या पुस्तकात आहेत. त्याच पुस्तकात इंग्रजी चालींची गीतेही आहेत. एखाद्या रविवारी दोन्ही लागोपाठ म्हटली जातात तेव्हा मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बायकांकडे लक्ष द्यावे. पहिल्या गीताला त्या पुस्तकात पाहतात. अभंग सुरू झाला की पुस्तक मिटते.