‘लेप’ ही संज्ञा आणि चालन-यंत्रांचे गंजरक्षण

लोखंडावर गंज ‘चढतो’ असे मराठीत म्हणतात. या क्रियापदामुळे गंज हा बाहेरून येऊन बसणारा पदार्थ असावा, असा समज होतो. वस्तुतः गंज म्हणजे प्राणवायू व पाणी यांच्या संयोगाने रूपांतर पावलेले खुद्द लोखंडच होय. वर चढल्यासारखे दिसते ते आतून वजा झालेले असते. (‘गंजाने लोखंड खाल्ले’ ही उक्ती त्या मानाने अधिक यथार्थ आहे.) असाच घोटाळा ‘लेप’ या शब्दाने होतो, आणि दंतचक्रे, साखळ्या, कपलिंगे इत्यादी चालन-यंत्रांच्या बाबतीत तो केवळ शाब्दिक राहत नाही.

पितळेच्या भांड्याला कल्हई करतात ती कथलाची. अन्न व पितळ यांच्यामध्ये ती पडद्यासारखी उभी राहते. जस्ती बादलीवरील थर दिसावयास तसाच. कार्य मात्र निराळे. जस्ताचा प्रमाण विद्युत्-विभव उणे ०·७६ व्होल्ट, लोखंडाचा उणे ०·४४ आणि कथलाचा उणे ०·१४ आहे. ओलाव्यात दोन धातू एकमेकांस टेकले म्हणजे सामान्यतः अधिक उणे विभवाचा धातू झिजतो व दुसरा वाचतो. म्हणून जस्ताच्या थरावर ओरखडा पडला तरी उघडे पडलेले लोखंड काही काळ सुरक्षित राहते. कथील किंवा निकेल यांचा थर फुटला तर लोखंडावरच झिजण्याची पाळी येते, आणि लहानशा छिद्रातून गंज खोल उतरतो. पहिल्यास ‘त्यागी लेप’ व दुसऱ्यास ‘आवरक लेप’ म्हटल्यास हा भेद नावातच राहील. त्यागी लेप काम करता करता निस्तेज व पांढुरका होत जातो. चकाकीवरून परीक्षा करणारास तो बिघडलेला वाटतो.

सोरेल याने लोखंड वितळलेल्या जस्तात बुडविण्याच्या पद्धतीचे पेटंट फ्रान्समध्ये १८३७ साली घेतले. बादलीला ती उत्तम. पण जस्ताचे कुंड सुमारे ४५० अंश सेल्सिअसवर असते आणि पृष्ठभाग कठीण केलेल्या दंतचक्रांना बहुधा १५० ते २०० अंशांवरच पाणी उतरवून घेतलेले असते. कुंडात त्यांचे काठिण्यच नष्ट होईल. विजेच्या साहाय्याने जस्त चढविल्यास उष्णतेची भीती नाही. तेथे दुसरे संकट उभे राहते. अम्लाने धुताना व लेपन होताना सुटणारा हायड्रोजन पोलादात शिरतो. अम्लात बुडविलेले लोखंड ठिसूळ होते, हे जॉन्सन याने १८७५ मध्येच नोंदविले होते. अतिकठीण पोलादाचा भाग मग नेहमीच्या भाराखाली, काही तासांनी वा दिवसांनी, पूर्वसूचनेवाचून तुटतो. माल उचलणाऱ्या यंत्रातील पिन अशी तुटली तर गंजापासून केलेले रक्षणच अपघाताचे कारण ठरते. यासाठी लेपनानंतर लवकरच भाग सुमारे २०० अंशांवर काही तास तापवितात. किंवा अम्ल व वीज दोन्ही टाळून जस्ताच्या सूक्ष्म पापुद्र्यांचा लेप देतात.

फॉस्फेट-प्रक्रियेला तर ‘लेप’ म्हणणेच शिथिल होय. तीत लोखंडाच्या पृष्ठाशीच क्रिया होऊन सच्छिद्र स्फटिकांचा थर जमतो. एकटा तो गंजाला फारसा अटकाव करीत नाही, परंतु तेल धरून ठेवतो. आणि साखळीची पिन बुशात जेथे अखंड घासते तेथे कोणताही पातळ थर लौकरच निघून जात असल्यामुळे अखेर भिस्त या तेलावरच असते.