सर्वांत कमी दराच्या सायकलीची किंमत

सायकल मिळाली की मुलगी शाळेत टिकते, याविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही. बिहारने २००६ मध्ये मुख्यमंत्री बालिका सायकल योजना सुरू केली, तेव्हा नववीत जाणाऱ्या मुलीला सायकल नव्हे, तर ती घेण्यासाठी २,००० रुपये देण्यात आले. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासानुसार, योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण त्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे व मुली यांच्यातील तफावत ४० टक्क्यांनी घटली. शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत हा परिणाम विशेष जाणवला. देशभरच्या धोरणकर्त्यांनी या आकड्यांतून ‘सायकल द्या’ एवढा बोध घेतला. कोणती सायकल द्यावी, या प्रश्नाकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष गेले नाही.

तमिळनाडू, कर्नाटक आणि पश्चिम बंगाल या राज्यांनी रोख रकमेऐवजी सायकलच देण्याचा मार्ग निवडला. बंगालच्या ‘सबूज साथी’ योजनेत २०१५ पासून एक कोटीहून अधिक सायकली वाटल्या गेल्या. एवढी खरेदी निविदेनेच होणार, आणि निविदेत कागदोपत्री पात्र ठरलेल्यांपैकी ज्याचा दर कमी, त्याला काम, हा आपल्याकडचा रूढ नियम. सरकारी पैशाची उधळपट्टी रोखण्यासाठी तो आहे आणि त्यामागचा हेतू रास्त आहे. पण सायकलीसारख्या वस्तूत हा नियम खर्च वाचवतोच असे नाही; अनेकदा तो खर्च फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात ढकलतो.

सायकल स्वस्त कशी होते, हे पाहिले की याचा उलगडा होतो. रंग, मडगार्ड, कॅरिअर, घंटी या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींत काटकसर करण्यास फार वाव नसतो, कारण वाटपाच्या दिवशी त्याच दिसतात. काटकसर होते ती आत. पॅडलच्या दांड्याला तोलणारे कप आणि छर्रे नीट कठीण केलेल्या पोलादाचे नसले, तर काही महिन्यांतच त्यांत खड्डे पडतात आणि पॅडल डगमगू लागते. हलक्या पत्र्याची रिम खडबडीत रस्त्यावर लवकर आउट होते. स्पोक सारख्या ताणाने आवळले नसतील तर एक तुटतो, त्याचा भार शेजारच्यावर येतो आणि मग तोही तुटतो. फ्रीव्हीलचे दाते झिजले की जोर लावताच चेन उडी मारते. टायरमधील कापडाचे थर कमी, म्हणून पंक्चर जास्त. यांतला एकेक भाग काही दहा-वीस रुपयांच्या फरकाचा असतो. लाखो सायकलींच्या निविदेत मात्र तोच फरक काम मिळवून देतो किंवा घालवतो.

सायकलींच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानके आहेत, रिफ्लेक्टर बसवणेही सक्तीचे झाले आहे. पण ब्रेक लागतो का, सांगाडा तुटत नाही ना, हे पाहणारी सुरक्षिततेची चाचणी दोन पावसाळ्यांनंतर हबमधील ग्रीसचे काय होते, हे विचारत नाही. नमुन्यासाठी आलेली सायकल आणि नंतर ट्रकमधून सुट्या भागांत येऊन शाळेच्या मैदानावर घाईने जोडलेली सायकल, यांत तर अंतर पडतेच. मग दुरुस्तीचा खर्च मुलीच्या घरावर येतो. तो झेपला नाही तर सायकल भिंतीला टेकून राहते आणि मुलगी पुन्हा पायी निघते. सरकारच्या हिशेबात मात्र तिला सायकल ‘मिळालेली’ असते.

याचा अर्थ महाग सायकल घ्यावी असा नव्हे. खालच्या किमतीच्या बाजारात जास्त पैसे मोजूनही अनेकदा दिखावाच पदरी पडतो. धक्के शोषल्याचा आभास देणारा स्प्रिंगचा पुढचा फोर्क, मागे सहा-सात गिअर, डिस्क ब्रेक, जाड टायर असा डोंगरी थाट कमी किमतीत द्यायचा, तर पैसा बेअरिंग आणि चाकांतूनच काढावा लागतो. गिअरची तार ढिली झाली तर ती बसवणारा कारागीर तालुक्याच्या गावीच भेटणार. याउलट, दूधवाले आणि पोस्टमन पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेली जुन्या घाटाची काळी सायकल जड असते, चढावर दम काढते. पण तिचा प्रत्येक भाग कोणत्याही गावात मिळतो. माझ्या मते या वर्गात जास्तीचा पैसा लावण्याजोग्या जागा मोजक्याच आहेत: चाके, छर्रे, चेन आणि टायर.

झांबियाच्या ग्रामीण भागात याचा पडताळा मिळतो. तेथे ‘बफेलो’ नावाची मुद्दाम मजबूत घडवलेली सायकल मुलींना देण्यात आली. तिचा मागचा ब्रेक हबच्या आत असतो आणि पॅडल उलटे दाबले की लागतो. त्यामुळे तार तुटणे किंवा रबर झिजणे हा प्रकारच नाही. सायकलीबरोबर गावोगावी कारागीरही तयार करण्यात आले. निशिथ प्रकाश यांचाच सहभाग असलेल्या तेथील अभ्यासात शाळेला पोहोचण्याचा वेळ सुमारे एक तृतीयांशाने आणि गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचे आढळले. आपल्या योजनांत कारागिराचा विचार क्वचितच दिसतो.

बिहारप्रमाणे रोख रक्कम देणे हा उपाय अर्धाच आहे. कुटुंब स्वतःचे काही पैसे घालून बरी सायकल घेऊ शकते, बिघडली तर त्याच दुकानदाराला जाब विचारू शकते. पण हबच्या आत काय आहे, हे दुकानात उभ्या असलेल्या बापालाही दिसत नाही. रक्कम पुढे २,५०० आणि नंतर ३,००० रुपये झाली. तिच्या मर्यादेत बसेल अशीच सायकल मग बाजार तयार करतो.

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भारांश देण्याची मुभा दिली, तीही बांधकामांसाठी आणि सल्लागारीखेरीज अन्य सेवांसाठी. वस्तूंची खरेदी तिच्या बाहेर राहिली आणि राज्यांचे निविदा कायदे वेगळेच आहेत. तरीही कमी दराचा नियम मोडण्याची गरज नाही. दर कशाचा मागवायचा, एवढेच बदलता येते. केवळ सायकलीऐवजी तीन वर्षे चालणारी सायकल, तिचे ठरावीक सुटे भाग आणि गटपातळीवरची दुरुस्ती यांचा मिळून दर मागवावा. देयकाचा काही हिस्सा दुसऱ्या वर्षी किती सायकली रस्त्यावर आहेत, हे मोजून द्यावा.

त्यासाठी लागणारा पैसा काही प्रमाणात आताच मोकळा झाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. कराविना ४,००० रुपयांच्या सायकलीमागे २८० रुपये वाचतात. चांगले टायर आणि चांगली चेन यांच्यासाठी लागणाऱ्या जादा खर्चाचा बराच भाग त्यातून निघू शकतो. राज्ये ते २८० रुपये बचत म्हणून दाखवतात की चाकांत घालतात, हे पुढच्या निविदांच्या तपशिलातच दिसेल.