पानं, फळ, अक्रोड आणि ब्लू चीज: हे सॅलड नेमकं कसं जमतं?

चीजवर निळसर-हिरव्या रेघा, उग्र वास आणि त्याच्या शेजारी गोड पेअरच्या फोडी. हॉटेलच्या मेन्यूमध्ये हे सॅलड पाहिलं की दोन प्रश्न पडतात. बुरशी आलेलं चीज खायचं का? आणि ते फळासोबत कशासाठी?

ही बुरशी वेगळी कशी?

दक्षिण फ्रान्समध्ये रोकफोर-सुर-सुलझों नावाचं गाव आहे. तिथल्या डोंगरातल्या थंड, दमट गुहांमध्ये मेंढीच्या कच्च्या दुधाचं रोकफोर चीज मुरवतात. 1925 मध्ये फ्रान्सने कायदा करून या नावाला संरक्षण दिलं. इटलीचं गॉर्गोन्झोला आणि इंग्लंडचं स्टिल्टन ही याच कुळातली, पण गाईच्या दुधाची चीज.

या चीजमध्ये 'पेनिसिलियम रोकफोर्टी' ही बुरशी मुद्दाम घातली जाते. तिला वाढायला हवा लागते, म्हणून चीजला सुयांनी भोकं पाडतात. ही बुरशी दुधातल्या स्निग्धांशाचं विघटन करते आणि त्यातून तो ओळखीचा वास तयार होतो.

घरातल्या पनीरवर किंवा पावावर आपोआप येणारी बुरशी मात्र कोणत्या जातीची आहे, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यामुळे 'ब्लू चीज चालतं, मग हेही चालेल' असं समजू नये.

फळ आणि अक्रोड कशासाठी?

ब्लू चीज बरंच खारट असतं. फळाची गोडी हा खारटपणा सौम्य करते. पानांचा किंचित कडवटपणा आणि व्हिनेगरचा आंबटपणा चीजचा तुपकटपणा कमी करतो. मऊ चीज आणि रसाळ फळामध्ये कुरकुरीत काहीतरी हवं, ते काम अक्रोड करतात.

फ्रान्समध्ये पेअर, म्हणजे नाशपती, आणि अक्रोड ही जोडी लोकप्रिय आहे. पण नियम एकच: फळ गोड आणि हंगामातलं हवं. महाराष्ट्रात पुरंदरची ताजी अंजिरं किंवा थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी इथे छान जमते.

सॅलड कसं करायचं?

चार जणांसाठी साधारण 150 ग्रॅम लेट्युस आणि अरुगुलाची पानं, एक मोठा पेअर, मूठभर अक्रोड आणि 60 ग्रॅम ब्लू चीज पुरतं.

1. पानं धुऊन स्वच्छ फडक्यावर पूर्ण कोरडी करा. ओल्या पानांवर ड्रेसिंग टिकत नाही, ते तळाशी जमतं.
2. अक्रोड मंद आचेवर 5 ते 6 मिनिटं भाजून गार करा.
3. तीन चमचे ऑलिव्ह तेल, एक चमचा व्हिनेगर आणि अर्धा चमचा मस्टर्ड सॉस झाकणाच्या बरणीत हलवून घ्या. मस्टर्डमुळे तेल आणि व्हिनेगर लवकर वेगळे होत नाहीत. मीठ घालू नका, चीजमध्ये ते आहेच.
4. पेअरच्या फोडी करून लगेच लिंबाचा रस चोळा, म्हणजे त्या काळ्या पडणार नाहीत.
5. वाढायच्या वेळीच पानांना ड्रेसिंग लावा. वर फळ, अक्रोड आणि शेवटी हाताने कुस्करलेलं चीज घाला.

कुणी काळजी घ्यावी?

मऊ ब्लू चीजमध्ये लिस्टेरिया हा जीवाणू असण्याचा धोका असतो आणि तो फ्रीजमधल्या थंडाव्यातही वाढतो. गरोदरपणात या संसर्गामुळे गर्भपात होऊ शकतो. म्हणून ब्रिटनची आरोग्यसेवा गरोदर महिलांना असं चीज पूर्ण शिजवल्याशिवाय न खाण्याचा सल्ला देते. वयोवृद्ध आणि रोगप्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनीही ते टाळलेलं बरं. सॅलडमध्ये चीज कच्चंच असतं, हे पाहुणे जेवायला बोलावताना लक्षात ठेवायला हवं.

शाकाहारी लोकांसाठी दुसरा मुद्दा आहे. दूध फाडण्यासाठी वापरलं जाणारं पारंपरिक रेनेट वासराच्या किंवा कोकराच्या जठरातून मिळतं. रोकफोर असंच बनतं. मात्र अनेक कंपन्या सूक्ष्मजीवांपासून मिळवलेलं रेनेट वापरतात. भारतात विकत घेताना पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहावा.

दोन्हींपैकी काही अडचण असेल, तर ब्लू चीजऐवजी ताजं पनीर वापरता येईल. ते फिकं असतं, म्हणून त्या वेळी ड्रेसिंगमध्ये चिमूटभर मीठ घालायला विसरू नका.