वळणासाठी घडलेलं इंजिन

नेरळहून निघालेली टॅक्सी अर्ध्या तासात माथेरानच्या वेशीवर, दस्तुरी नाक्यावर सोडते. माथेरानची गाडी तोच डोंगर चढायला दोन-अडीच तास घेते. रूळ सुमारे २१ किलोमीटरचे, आणि त्यांत सरळ असा तुकडा शोधावाच लागतो. डोंगराच्या प्रत्येक सोंडेला वळसा घालत, घोड्याच्या नालेसारखे भराव चढत गाडी ८०० मीटरच्या आसपास पोहोचते. चढ काही ठिकाणी विसाला एक. निलगिरीच्या गाडीला चढावर दातेरी पट्टीचा आधार आहे. इथे नुसत्या चाकांनी रूळ धरायचा.

ही लाइन सरकारने बांधलेली नाही. मुंबईतले बोहरा व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, मुलगा अब्दुल हुसेन यांनी काम उभं केलं. १९०४ ला सुरुवात झाली आणि १९०७ मध्ये गाडी धावली. खर्च सोळा लाख रुपये सांगतात. सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, म्हणजे बार्शी लाइट रेल्वेचे कर्ते. बार्शीच्या रुळांमधलं अंतर अडीच फूट होतं, इथे दोनच फूट ठेवलं. रूळ जितके जवळ तितकं वळण आखूड घेता येतं, आणि वळण आखूड म्हणजे डोंगर कमी फोडावा लागतो. अख्ख्या मार्गावर बोगदा एकच आणि तोही इतका छोटा की लोकांनी त्याचं नाव ‘वन किस टनेल’ ठेवलं.

खरी करामत मात्र इंजिनात होती. चढावर ओढायचं तर सगळं वजन चालत्या चाकांवर हवं, म्हणून तीन जोड्या चाकं आणि तिन्ही जोडदांड्यांनी बांधलेली. पण सहा चाकं ताठ चौकटीत बसवली की वळणावर ती रुळाशी भांडतात, कडा घासतात, नाहीतर सरळ उतरतात. बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने या लाइनसाठी जी चार इंजिनं केली, त्यांत पुढचा आणि मागचा ॲक्सल क्लीन-लिंडनर पद्धतीचा होता. चाकं एका पोकळ नळीवर पक्की, आणि त्या नळीतून जाणारा भरीव दांडा चौकटीत सरळच फिरणारा. दोघांची गाठ फक्त मधोमध, एका गोळ्यावर. त्यामुळे दांडा जागचा हलत नाही, पण नळी चाकांसकट थोडी तिरपी होते, थोडी बाजूला सरकते. जोर पोहोचतो आणि चाक वळणाचं ऐकतं. कागदावर हे पुन्हापुन्हा पाहिलं तरी मला ते जादूसारखंच वाटतं. देखभाल करणाऱ्या फिटरला ते तितकं मोहक वाटलं असेल का, याची शंका आहे.

वाफेच्या इंजिनाला वाटेत पाणीही लागायचं. जुम्मापट्टीच्या पुढच्या स्टेशनचं नाव म्हणूनच ‘वॉटर पाइप’. १९५० च्या दशकात डिझेल आलं, तेही जर्मनीतूनच, युंग कंपनीचं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वाफ थांबली. त्या चार इंजिनांपैकी ७३८ क्रमांकाचं आता दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, ७४१ नेरळला, आणि ७४० थेट इंग्लंडमध्ये.

पाण्याने मात्र पाठ सोडली नाही. २६ जुलै २००५ च्या पावसाने रूळ वाहून नेले, ते पुन्हा घालायला २००७ उजाडलं. मे २०१६ मध्ये काही दिवसांच्या अंतराने दोनदा डबे घसरले आणि गाडी बंद पडली. नंतर डब्यांना एअर ब्रेक आले. तोवर उतारावर डब्याडब्यांत माणसं बसून, शिट्टीच्या इशाऱ्यावर हाताने ब्रेक आवळत. २०१९ च्या पावसाने पुन्हा भराव खचवले, नेरळहून गाडी सुटायला ऑक्टोबर २०२२ यावा लागला.

दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-सिमला जागतिक वारसा ठरल्या, माथेरान अजून संभाव्य यादीतच. पण माथेरानकरांना त्याहून जवळची आहे ती दस्तुरी नाक्याजवळचं अमन लॉज स्टेशन ते माथेरान ही छोटी फेरी. गावात मोटारीला बंदी, दस्तुरी नाक्यापुढे बहुतेकांना घोडा नाहीतर पायपीट. म्हणून सामानाची ओझी घेतलेल्या माणसाला ही गाडी हवी असते. नेरळची गाडी पावसाळ्यात चार महिने थांबते, ही फेरी तेव्हाही चालते. पर्यटक तिला शटल म्हणून हिणवतात. माझ्या मते या लाइनवरची खरी रेल्वे आज तीच आहे.