सुपारीच्या खोडावरची मिरी

कोकणातल्या आगरात किंवा गोव्याच्या कुळागरात मिरीसाठी वेगळी जमीन सहसा राखत नाहीत. सुपारीच्या, नारळाच्या किंवा पांगाऱ्याच्या खोडाला बिलगून मिरीचा वेल वाढतो. हा वेल मूळचा पश्चिम घाटातल्या जंगलातला, त्यामुळे झाडाचा आधार, विरळ सावली आणि भरपूर पाऊस त्याला लागतोच. प्रत्येक पेराला फुटणारी मुळे खोडाची साल धरतात आणि वेल वर सरकतो.

लागवड छाट कलमांनी होते. वेलाच्या बुंध्यापाशी जमिनीवर पसरणारे फुटवे घेऊन त्यांचे दोन-तीन पेरांचे तुकडे करतात आणि उन्हाळ्यात पिशव्यांत लावतात. पावसाळा सुरू झाला की मुळे धरलेली रोपे आधाराच्या झाडापासून जरा अंतरावर, शक्यतो उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या बाजूला लावली जातात. दुपारनंतरचे कडक ऊन कोवळ्या वेलाला सोसत नाही. खोडावर पकड बसेपर्यंत वेल सैलसर बांधावा लागतो. जातीची निवडही सावली पाहून करावी. केरळातल्या पन्नियूर केंद्रात तयार झालेली पन्नियूर-१ ही संकरित जात भरघोस पिकते, पण दाट सावलीत ती निराश करते.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी पीक दिसू लागते. उभा वेल फक्त चढतो. घोस येतात ते त्याच्या आडव्या फांद्यांवर. जूनच्या सरींबरोबर नव्या पालवीत बारीक, लोंबते तुरे निघतात. परागीभवनाला पावसाच्या थेंबांची मदत होते. याच काळात पावसाने ओढ दिली तर तुरे गळतात आणि वर्षाचे उत्पन्न घटते. उलट, बुंध्याशी पाणी साचले तर फायटोफ्थोरा बुरशीमुळे मर लागते आणि हिरवागार वेल थोड्याच दिवसांत वाळतो. त्यासाठी पाण्याचा निचरा आधी आणि एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी नंतर, हाच क्रम योग्य. साचल्या पाण्यात उभ्या वेलाला नुसती फवारणी वाचवू शकत नाही.

तुरा आल्यापासून काढणीपर्यंत सहा ते आठ महिने जातात. घोसातला एखाददुसरा दाणा पिवळा-तांबडा झाला की तो घोस तयार समजतात. शिडीवर चढून असे घोस हाताने खुडतात. सगळे घोस एकाच वेळी तयार होत नसल्याने त्याच वेलाकडे पुन्हा पुन्हा यावे लागते. एका फेरीत सगळे ओरबाडले तर कोवळे दाणे वाळल्यावर हलके आणि पोकळ निघतात.

काढलेले दाणे घोसापासून सुटे करून टोपलीत किंवा फडक्यात घेतात आणि उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढतात. त्याने वरची धूळ आणि जंतू कमी होतात, दाणे लवकर वाळतात आणि त्यांना सारखा काळा रंग येतो. एवढ्या थोड्या श्रमात इतका फरक पाडणारे दुसरे काम या पिकात नाही. मग चटईवर किंवा स्वच्छ खळ्यावर चार-पाच दिवस कडक ऊन द्यायचे, अधूनमधून दाणे वरखाली करायचे. साल सुरकुतते, हिरवा रंग आधी तपकिरी आणि मग काळा होतो. दाणे नीट वाळले नाहीत तर साठवणीत बुरशी धरतात.

पांढरी मिरी याच वेलाची. पूर्ण पिकलेले लाल दाणे आठवडाभर पाण्यात भिजवून, साल चोळून काढून ते वाळवले की ती तयार होते. काळ्या मिरीत साल राहते, म्हणून तिचा उतारा जास्त पडतो: शंभर किलो हिरव्या दाण्यांपासून सुमारे तेहतीस किलो काळी मिरी मिळते, पांढरी मात्र पंचवीस किलोच्या आसपास.